कडेची माणसं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी बाहेर चोरून खाल्लेला वडासुद्धा संध्याकाळपर्यंत सांगून मोकळा होतो. म्हणजे गोष्ट पोटात ठेवणं हा काही माझा स्वभाव नव्हे. तरी ही एक राहिली. आधी सांगायचा धीर झाला नाही म्हणून राहिली, मग सांगायची वेळ गेली म्हणून राहिली, आणि आता — आता ती इतकी सवयीची झाली आहे की दुखतसुद्धा नाही. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्ही माझ्यासाठी हळहळत बसणार नाही. मी मजेत आहे. झोप चांगली लागते, जेवण जातं, शुगरही आटोक्यात आहे.

मी लोणावळ्याजवळ वलवणला राहतो. तळेगावच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये उभं आयुष्य काढलं, लेथवर हात चांगला बसलेला. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि गाडीसाठी बांधलेल्या शेडमध्ये एक छोटा लेथ आणून बसवला. गाडी बाहेर पावसात भिजते. नीला, म्हणजे माझी बायको, पहिल्या वर्षी यावरून बोलायची. आता तिनेच लेथवर टाकायला जुन्या चादरीचं झाकण शिवून दिलंय.

माझं काम ऐकायला जरा विचित्र आहे. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यांच्या लेन्स असतात ना — आपल्या लग्नात फोटोग्राफरच्या गळ्यात लोंबत असायच्या त्या, सगळं हाताने फिरवायच्या — त्या मी आजच्या डिजिटल कॅमेऱ्याला बसवून देतो. नव्या कॅमेऱ्याचं तोंड वेगळं, जुन्या लेन्सचं बूड वेगळं. दोघांची गाठ घालायला मध्ये अॅल्युमिनियमची एक कडी लागते. बाजारात तयार मिळते, पण पुष्कळ जुन्या लेन्सना ती होत नाही, किंवा झाली तर ढिली होते. मग लोक माझ्याकडे येतात. कडीची जाडी केसाएवढी चुकली तरी जवळचं सगळं छान दिसतं आणि लांबचा डोंगर मात्र धूसरच राहतो. म्हणून लेन्स बसवून झाली की मी शेडच्या दारात उभा राहतो आणि पलीकडच्या डोंगरावरच्या मोबाइलच्या टॉवरवर नेम धरतो. टॉवरची एकेक पट्टी वेगळी दिसली की नीलाला चहा टाकायला सांगतो. याच्याहून मोठं सुख मला फारशा कशात मिळालेलं नाही, आणि हे तिलाही ठाऊक आहे.

दुसरं काम बुरशीचं. लोणावळ्याच्या हवेत माणसाला बुरशी येत नाही हेच नवल, मग लेन्सच्या काचा काय वाचणार? कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे आत वाढतात. लेन्स पूर्ण उघडायची, एकेक काच बाहेर काढून पुसायची, पुन्हा होती तशी बसवायची. आता "होती तशी" हेच सगळ्यात अवघड. काही काचा दोन्ही बाजूंनी फुगीर असतात, एक बाजू दुसरीपेक्षा किंचित जास्त. डोळ्याला कळत नाही. म्हणून या कामात एक शिस्त असते — काच काढायच्या आधी तिच्या कडेला पेन्सिलीने बारीक बाण काढायचा, टोक पुढच्या बाजूला. बाण बघायचा, काच बसवायची. शाळेतल्या पोरालाही जमेल इतकं सोपं आहे हे.

पण मी लांबण लावतोय, नाही का? सांगतो.

सुजाता पवनानगरची. धरणाच्या काठावर तंबू टाकून राहायला येणारी मंडळी, लग्नाआधी फोटो काढून घ्यायला येणारी जोडपी, बारशी, वाढदिवस — सगळ्यांचे फोटो काढते. हसरी, बोलकी, कामात चोख. एका रविवारी ती एक लेन्स रुमालात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, "काका, ही आमच्या आबांची. माझ्या कॅमेऱ्याला बसवून द्या. कितीही दिवस लागू देत, पण ही लागली पाहिजे."

आबा म्हणजे तिचे वडील, किसन आबा. पवनानगरला त्यांचा पत्र्याचा फोटो स्टुडिओ होता. मावळातल्या गावोगाव सायकलवरून जाऊन त्यांनी लग्नं काढली, शाळांचे वर्ग काढले, विहारात जयंतीला जमलेली वस्तीच्या वस्ती काढली. ग्रुप फोटो ही त्यांची खासियत. ही लेन्स त्यांनी मुंबईला जाऊन, बऱ्याच दुकानांतून लावून बघून, निवडून आणली होती. आबांचं म्हणणं असं, की मधल्या माणसाला कुठलीही लेन्स धरते, कडेच्या माणसाला धरेल ती खरी. सुजाताने हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी ऐकलं — म्हणजे मान हलवली.

त्या वेळी माझ्याकडे पुण्याचे दोन हौशी गृहस्थ आलेले होते. रविवारी येतात, माझं काम बघतात, वा वा करतात. मला वा वा आवडतं, का नाही आवडणार? कारखान्यात इतकी वर्षं माझ्या कामाला कुणी वा म्हणालं नव्हतं, बरोबर आलं तर गप्प आणि चुकलं तर आरडाओरडा असा सगळा कारभार. तर लेन्समध्ये बुरशी होती, मी ती उघडली. पुढची काच काढताना त्यातले एक जण म्हणाले, काका, बाण काढायचा राहिला. मी हसलो. म्हणालो, इतक्या लेन्स उघडल्यावर बोटांनाच कळतं हो, मला कसला बाण लागतोय?

काच पुसली, बोलत बोलत बसवली. ती उलटी बसली.

कडी करताना मला कळायला हवं होतं. लांबचं फोकस काही केल्या येईना, नेहमीच्या मापापेक्षा कडी जरा जास्तच घासावी लागली. तेव्हा शंका यायला नको? पण जुनी लेन्स, झिजली असेल, म्हणून मी घासत गेलो. शेवटी टॉवर आला. स्पष्ट आला. पण तो मधोमध होता म्हणून आला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून कडेला गेलो, तर तिथली झाडं पाण्यात ढवळल्यासारखी गोल फिरत होती, पानांवर दुधाळ उजेड सांडलेला. एका नजरेत कळलं मला. काही हौशी लोक मुद्दाम काच उलटी करून हा परिणाम आणतात, तेव्हा ओळखायला वेळ लागला नाही. पुन्हा उघडू, सरळ करू — अर्ध्या तासाचं काम.

आणि तेवढ्यात सुजाता आली. ठरलेल्या वेळेच्या आधीच आली, तिला दम निघत नव्हता. माझ्या हातातून कॅमेरा घेतला आणि कुंपणाशी कपडे वाळत घालणाऱ्या नीलाचा फोटो काढला. पडद्यावर बघितला. मग मला म्हणाली, "काका, हे बघा ना... असं तर मी कधीच काढलं नाही." तिचे डोळे भरून आले. नीला मधोमध लख्ख, आणि भोवतीने सगळी हिरवळ, ओल्या साड्या, ऊन, असं सगळं फिरत गेलेलं. खरंच सुंदर होता फोटो. आमच्या हॉलमध्ये लावलाय.

आबांच्या लेन्सची जादू, असं ती म्हणाली. मी काय म्हणालो? जुन्या लेन्सचा स्वभाव असतो तसा, असं म्हणालो.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? पोरगी खूश, फोटो छान, काच उलटी असली म्हणून कुणाचं काय अडलं? मीही हेच म्हणत होतो. जवळजवळ वर्षभर म्हणत होतो. आणि वर्ष फार छान गेलं. सुजाताचे फोटो लोकांना आवडायला लागले. पवनेच्या पाण्यात सूर्य उतरलाय, मागे तिकोणा गड, मध्ये जोडपं, आणि कडेने सगळं जग भोवऱ्यात — तिच्याकडे लोक तारखा मागायला लागले. "आबांच्या लेन्समधून" असं ती प्रत्येक फोटोखाली लिहायची. आणि लेन्स कुणी बसवून दिली असं कुणी विचारलं, की माझं नाव सांगायची. वलवणचे काका! मुंबईहून माणसं शोधत यायला लागली. एकाने तर माझ्या पाया पडून घेतलं. मी पाय मागे घेतले, पण सावकाश घेतले.

पुढच्या पावसाळ्यात लेन्सला पुन्हा बुरशी धरली. सुजाता घेऊन आली ती आबांनाच स्कूटरवर मागे बसवून घेऊन आली. त्यांना कधीपासून मला भेटायचं होतं म्हणे. मी प्रथमच बघत होतो त्यांना. बारीक अंगाचे, पांढरा सदरा, डोक्याला टोपी नाही, जाड भिंगाचा चष्मा. ताठ बसतात. फोटो काढून घ्यायला बसलेल्या माणसाला ते जसं बसवत असतील तसे स्वतः बसतात. आल्या आल्या माझा लेथ बघितला, कडी हातात घेऊन बोटाने तिची धार तपासली, आणि म्हणाले, "लय साफ काम हाय तुमचं, भाऊ." मला आनंद झाला. दुसऱ्याच्या हाताची पारख असणारा माणूस वा म्हणाला की जो होतो, तो.

खरं सांगतो, त्या दिवशी मी ठरवलेलं होतं की काच गुपचूप सरळ करून टाकायची. कुणाला सांगायचं काही नाही, करून मोकळं व्हायचं. पण लेन्स देताना सुजाता म्हणाली, काका, बुरशी काढा, पण हिचा उजेड जाऊ देऊ नका हं. पुण्यात तिच्या फोटोंचं प्रदर्शन लागायचं होतं. मग ती नीलाबरोबर परसात अळूची पानं काढायला गेली आणि शेडमध्ये मी आणि आबा दोघंच राहिलो. लेन्स टेबलावर उघडलेली होती. पुढची काच मी नुकतीच काढून कापडावर ठेवलेली. ती मध्ये, अलीकडे मी, पलीकडे आबा.

आबांनी सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला. त्यात निगेटिव्हची एक पट्टी होती.

ते बोलले ते माझ्याकडे न बघता. शाळेत असताना त्यांच्या वर्गाचा फोटो काढला होता. त्यांना आणि त्यांच्या आळीतल्या दोघा पोरांना मास्तरांनी अगदी कडेला उभं केलं. फोटो आला तर यांच्या तिघांच्या जागी नुसता धूर. "आमाला कायम कडंलाच उभं करायचं, भाऊ. आन फोटूत कडंला काय येत नसायचं. तवाच ठरवलं व्हतं, आपुन असा फोटू काढायचा न्हाई." हे ते हसत सांगत होते. तक्रार नव्हती त्यात कुठे. आपली लेन्स आपण का निवडली, एवढंच सांगायचं होतं त्यांना.

मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं. सुजाताच्या फोटोत कडेची माणसं वाहून जातात. त्यांना आधी वाटलं, आपले डोळे गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, चष्मा बदलला, तरी तेच. मग त्यांना एक भीती वाटायला लागली — लेन्स पहिल्यापासून अशीच तर नव्हती? इतकी वर्षं आपण लोकांना जे दिलं, ते असंच तर नव्हतं?

त्यांनी पट्टी माझ्याकडे सरकवली. विहाराच्या पायऱ्यांवरचा फोटो होता, जयंतीचा, त्यांच्या तरुणपणातला. म्हणाले, "कडंला एक बाई हाय बगा, डोक्यावरून पदर घेतल्याली. आई हाय माजी. तिचा दुसरा फोटू न्हाई. भितीवर व्हता तो वल लागून गेला. सुजाताला सांगनार व्हतो, मोटा करून दे म्हनून, पर म्हनलं आदी तुमाला दाखवावं. माज्या डोळ्यानं आता यातलं दिसत न्हाई. तोंड आलंय का तिचं, एवडं सांगा."

मी पट्टी खालून दिवा लावलेल्या काचेवर ठेवली आणि भिंग डोळ्याला लावलं.

निगेटिव्हमध्ये उजेडाचा अंधार होतो आणि अंधाराचा उजेड. पण माझी नजर मुरलेली आहे, मला ते सरळच दिसतं. आणि रेघ शेवटी रेघच असते. मी मधल्या पुढाऱ्यापासून सुरुवात केली आणि सरकत सरकत कडेला गेलो. एकेक माणूस. एकाच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं. एका पोराच्या हातात कागदाचा झेंडा, त्याची काडी वाकलेली. जात जात मी अगदी टोकाला पोचलो, जिथे फोटो संपतो तिथे, आणि ती बाई तिथे होती. पदराच्या काठाची नक्षी मोजता आली असती. चेहरा होता. पूर्ण होता. आबांच्या लेन्सने तिला घट्ट धरून ठेवलेलं होतं.

आणि माझ्या कोपराशी, कापडावर, ती काच.

काय बोलायला हवं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन वाक्यं होती. आबा, आई स्पष्ट आहे. लेन्स मी बिघडवली. माझ्या जिभेवर पहिलं वाक्य होतंसुद्धा. पण पहिलं म्हणालो असतो तर दुसरं म्हणावंच लागलं असतं ना? आई स्पष्ट असेल तर लेन्स चांगली होती. लेन्स चांगली होती तर मग तिला काय झालं? आणि आबांनी, ज्यांनी दहा मिनिटांपूर्वी माझ्या कडीची धार बोटाने तपासून वा म्हटलं होतं, त्यांनी ते विचारलंच असतं.

मी म्हणालो, "नाही आबा. कडा गेल्या आहेत. चेहरा उमटलेला नाही."

ते म्हणाले, पण लहान फोटोत तर बरी दिसायची. तेव्हाही थांबता आलं असतं. मी मात्र समजावून सांगितलं. लहान छापलं की सगळंच बरं दिसतं, मोठं केलं की कडा फुटतात, तुमच्या वेळी इतकं मोठं करून कोण बघत होतं — असं व्यवस्थित, धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला सांगावं तसं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अधूनमधून "व्हय, व्हय" म्हणाले.

मग म्हणाले, "म्हंजी कडंची सगळीच माणसं तशी गेली आसतील." आणि थोडं हसले. "आन मी गावभर सांगत फिरायचो." पट्टी त्यांनी पुन्हा रुमालात गुंडाळायला घेतली. मी मदत केली. "ऱ्हाऊ द्या मग. तोंड नसल्याली आई भितीवर कशाला लावायची?"

ते परसात बायकांशी बोलायला गेले. मी काच उचलली. आणि आता जे सांगतो ते मला स्वतःलाही सांगायला जड जातंय — मी पेन्सिल घेतली, काचेच्या कडेला व्यवस्थित बाण काढला, टोक मुद्दाम चुकीच्या बाजूला, आणि ती उलटी बसवली. पुन्हा कधी चुकून सरळ होऊ नये म्हणून. पहिल्यांदा उलटी बसली ती माझ्या शेखीमुळे. या वेळी मी ती बसवली.

सुजातासाठी केलं, तिच्या प्रदर्शनासाठी केलं, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण त्या क्षणी सुजाता माझ्या डोक्यातही नव्हती. डोक्यात एवढंच होतं की या माणसासमोर माझा हात चुकला असं मला म्हणायचं नाही. बाकी सगळं नंतर सुचलं. प्रदर्शन झालं, छान झालं. मीही गेलो होतो, नीलाने नवी साडी नेसली होती. आबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर ताठ बसून होते. लोक येऊन त्यांना विचारत, ही तुमचीच लेन्स ना? आणि ते म्हणत, व्हय, माजीच. काहींना तर ते स्वतःहून सांगत होते, ही पहिल्यापासून अशीच, कडंला पिसाळती. हे ते माझ्याकडून शिकले होते.

सुजाताला त्यांच्या सगळ्या जुन्या निगेटिव्ह डिजिटल करून घ्यायच्या होत्या. पत्र्याच्या पेटीत भरून त्यांच्या पलंगाखाली आहेत. अर्ध्या मावळाची माणसं आहेत त्यात. आबा हात लावू देत नाहीत. ती एकदा माझ्याकडे येऊन वैतागून म्हणाली, काका, तुम्ही तरी समजवा ना त्यांना, काय झालंय त्यांना कळत नाही, पूर्वी हेच माझ्या मागे लागायचे. मी म्हणालो, म्हातारं माणूस आहे, नको आग्रह करूस. असं म्हणताना मला किती हलकं वाटलं, सांगू? पेटी उघडली असती तर सगळंच उघडलं असतं.

तर हे असं आहे. आबांची आणि माझी आता चांगली मैत्री आहे. महिन्यातून एखाद्या वेळी ते पवनानगरहून जीपने येतात, शेडमध्ये माझ्याजवळ बसतात. मी लेथवर असलो की बोलत नाहीत, यंत्र थांबलं की बोलतात. कुठल्या वरातीत नवरदेव घोड्यावरून पडला, कुठल्या गावात फोटोला बसताना दोन सासवांत मानापमान झाला. त्यांच्या गोष्टींना तोड नाही, नीला तर पदर तोंडाला लावून हसते. मलाही फार बरं वाटतं ते आले की. दिखाऊ नाही, आतून बरं वाटतं. त्यांच्या डोळ्याला डोळा देता येतो का, असं तुम्ही विचाराल. येतो. हीच खरी सांगायची गोष्ट असेल कदाचित. मला वाटलं होतं माणसाला हे असं जमणार नाही. जमतं.

लेन्स सरळ करायला आजही अर्धा तास पुरेल. पेटी अजून पलंगाखालीच आहे. आबांना ऐकू चांगलं येतं. म्हणजे अडचण कसलीच नाही, आणि मी अजून काही केलेलं नाही. करीन असंही म्हणत नाही, कारण म्हणून ठेवलं की केल्यासारखं वाटतं, आणि तेवढ्यावर माझं भागेल. मी ओळखतो मला.

परवा ते आले होते. चहा घेता घेता त्यांच्या आईचा विषय निघाला. त्यांनीच काढला. ती भाताच्या खाचरात गाणी म्हणायची, आवाज कसा होता, रागावली की काय म्हणायची, सगळं सांगितलं. मग कप खाली ठेवून म्हणाले, "आवाज ध्यानात हाय, भाऊ. पर तोंड आता काय केल्या डोळ्याम्होरं येत न्हाई." सुजाता शेजारीच बसली होती. तिने तर आजीला पाहिलेलंच नाही. ती म्हणाली, कशी असेल ना दिसायला?

मी किटलीतला उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला. रुंद कपाळ. डाव्या गालावर देवीचे वण. पुढचा एक दात पडलेला, आणि तो दिसतोय याची काही फिकीर न करता ती हसते आहे — समोर कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे बघून.